वाघाटी

यादीत वडानंतर थेट वावळ.
मधे एक नाव बसलं असतं, बसवलं नाही कुणी.

पोखरण रोडच्या मागे, बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची
येऊरकडची भिंत.
भिंतीवर काटेरी तारेची वेटोळी
आणि वेटोळ्यांतून ती,
काट्यावर काटा टाकत चढलेली.
आता सांगता येत नाही
कुणी कुणाला धरून ठेवलंय.

मी ठेकेदाराकडची, वृक्षगणनेला.
गळ्यात ओळखपत्र, हातात टेप.
छातीच्या उंचीला खोडाचा घेर भरला तर झाड,
नाहीतर पुढे चला.
सुबाभूळ. सुबाभूळ. रेन ट्री.
वाळलेला गुलमोहर (तोही मोजायचा, उभा आहे तोवर).
सुबाभूळ.
झाडाला क्रमांक मिळतो, पत्र्याचा, खिळा ठोकून.
उद्या ते तोडायचं तर नोटीस लागते,
हरकती मागवतात, सात दिवस तरी.
हिच्यावर हरकत कोण घेणार?
झुडूप म्हणावं तर वर चढते,
वेल म्हणावं तर बुंधा लाकडाचा.

तरी थांबले. फेब्रुवारी होता,
फुलं होती.

पानाच्या बगलेत नाहीत, बगलेच्या जरा वर,
फांदीला धरून एकाखाली एक,
सदऱ्याच्या गुंड्यांसारखी.
आजचं पांढरं, कालचं गुलाबी.
पाकळीच्या बुडाशी पिवळा डाग,
तोही शिळा होता होता वांगी रंगावर जातो.
पुंकेसर इतके लांब, इतके मोकळे,
की फूल कुठे संपतं ते कळत नाही.
आणि मधून निघालेला एक देठ,
त्याच्या टोकाला बीजकोश,
फुलाच्या बाहेर काढून ठेवलेला,
जसं नदीत उतरताना
बाई पोर डोक्यावर धरते.

कोवळ्या शेंड्यांवर तांबूस लव, गंजासारखी;
शेजारी तारेवरही गंज.
बोट लावून बघितल्याशिवाय
दोन्हीतला जिवंत कुठला ते समजेना.
म्हणून हात घातला.

आत जाताना काही बोचलं नाही.
काढताना मात्र बाही अडकली, मग ओढणी, मग मनगट.
प्रत्येक पानाखाली काट्यांची जोडी,
मागे वळलेली, मांजराच्या नखासारखी.
कॉलेजात मी हे लिहून दहापैकी नऊ मिळवले होते:
उपपर्णांचे रूपांतर, वक्र, अधोमुख.
अधोमुख म्हणजे काय
ते आज मनगटाने वाचलं.

ओढलं. आणखी रुतले.
भिंतीच्या टोकाला मोळी टेकवून
एक बाई बघत होती.
सोनकी पागी, जांभूळपाड्याची; नाव मागाहून कळलं.
हसली नाही. म्हणाली,
"ओढू नको, बाय. आदी आत सरक."

आत सरकले, काट्यांच्या बाजूने,
जिथून पळायचं होतं तिकडेच बोटभर.
आकडे सैल झाले. एकेक.
तिने ओढणी अशी सोडवली
जशी कुणाच्या केसांतली गाठ.

मग पान उलटून दाखवलं:
पिवळी इवली अंडी, उभी, टोकदार.
"पाखराची. हिच्याशिवाय खात न्हाय काय."
फळाचं विचारलं तर म्हणाली, आषाढात.
कडू. फोडून बिया काढायच्या,
उकडून पाणी टाकायचं, मग भाजी.
"तवा ये."

माझा करार मेपर्यंत.
भिंतीच्या दर्शनी बाजूला फलक आधीच लागलाय,
बावीस मजली, बाल्कनीतून डोंगर.

संध्याकाळी अ‍ॅप भरताना
शेऱ्याच्या चौकटीत टाइप केलं: वाघाटी, फुलावर.
लाल अक्षरं आली:
कृपया यादीतील प्रजाती निवडा.

मनगटावर दोन टिपके राहिले आठवडाभर,
शेजारी शेजारी,
घेर मोजण्याइतकेही नाहीत.